मूठ आणि ठसा

बोस्नियातल्या मोस्तार शहरात, नेरेत्वा नदीच्या पश्चिमेला, शिक्क्यांचं एक दुकान होतं. दुकान एक आणि माणसं तीन: एक जुळारी, एक कातारी आणि एक शाईवाला. गोष्टीपुरती त्यांची नावंही हीच.

जुळाऱ्याकडे रबराचं काम. सरळ ओळींचा शिक्का असला तर शिशाचे खिळे जुळवून तो साचा घ्यायचा. गोल सरकारी शिक्का असला तर मधलं चिन्ह आणि भोवतीची अक्षरं हाताने, उलटी कोरायचा. कातारी लेथवर अक्रोडाच्या मुठी काढायचा आणि ठशाला पक्क्या बसवायचा. कोपऱ्यातल्या फडताळावर शाईवाल्याच्या बाटल्या आणि शाईच्या गाद्या. जुळारी कॅथलिक क्रोएट, कातारी मुसलमान बोस्नियाक, शाईवाला ऑर्थोडॉक्स सर्ब. मोस्तारमध्ये यात सांगण्यासारखं काही नव्हतं. १९९१ च्या जनगणनेत तिथल्या सव्वा लाख वस्तीत मुसलमान ३५ टक्के, क्रोएट ३४ आणि सर्ब १९ टक्के होते. दहा टक्के लोकांनी तर नुसतं ‘युगोस्लाव्ह’ एवढंच लिहून दिलं होतं.

दुकानात एक जाड वही असायची. ती कल्पना काताऱ्याची. एकदा कुणीतरी खोटा शिक्का मारून सरकारी गोदामातून माल उचलला आणि पोलीस चौकशी करत दुकानात आले. तेव्हापासून नियम झाला. नव्या शिक्क्याचा पहिला ठसा वहीत उमटवायचा, शेजारी तारीख आणि करून घेणाऱ्या कचेरीचं नाव लिहायचं, खाली जुळाऱ्याने आणि काताऱ्याने सही करायची. ठसा माझा, मूठ माझी. पानांवर आकडेही काताऱ्यानेच घातले. “पान गेलं तर कळलं पाहिजे,” तो म्हणाला. जुळारी हसला. “अरे, आपण रबर विकतो. एवढी काय भीती?”

पुढे बोस्नियाचं जे झालं ते या वहीत पान उलटत वाचता येत होतं. सुरुवातीच्या पानांवर युगोस्लाव्हियातल्या बोस्नियाचं चिन्ह: यायत्से शहराची आकृती, पुढे कारखान्याची दोन धुराडी, वर लाल तारा. मग १८ नोव्हेंबर १९९१ ला ग्रुडे नावाच्या गावात माते बोबान आणि त्यांच्या पक्षाच्या पुढाऱ्यांनी ‘हेर्त्सेग-बोस्नाचा क्रोएट समाज’ जाहीर केला, आणि काही महिन्यांत वहीत लाल-पांढऱ्या चौकटींची ढाल दिसू लागली. १९९२ च्या वसंतात बोस्निया स्वतंत्र झाला; त्या सरकारच्या शिक्क्यांवर सहा सोनेरी लिलींची ढाल. एकाच महिन्यात दोन ढाली, दोन्ही एकाच हाताने कोरलेल्या. जुळाऱ्याला त्यात वावगं वाटलं नाही. गिऱ्हाइकं दोन झाली होती, एवढंच.

त्या वसंतात डोंगरांवरून युगोस्लाव्ह सैन्याच्या आणि सर्ब फौजेच्या तोफा शहरावर धडधडत होत्या. कॅथलिक बिशपांचा वाडा जळाला. क्रोएट आणि मुसलमान तेव्हा एका बाजूने लढले आणि जूनमध्ये त्यांनी त्या फौजेला मागे रेटलं. त्याच महिन्यात शहरातलं ऑर्थोडॉक्स कॅथीड्रल सुरुंगाने उडवण्यात आलं. मोस्तारचे बहुतेक सर्ब निघून गेले. शाईवालाही गेला. जाताना किल्ली जुळाऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाला, “फडताळावर लक्ष ठेवा.”

दोघांनी महिनाभर ठेवलं. मग शाई लागली म्हणून एक बाटली घेतली, मग दुसरी. फडताळ रिकामं झाल्यावर काताऱ्याने त्यावर मुठी मांडल्या. शाईवाला का गेला, कुठे गेला, हे दोघांनीही कोणाला विचारलं नाही.

१९९३ उजाडलं. जिनिव्हात मांडलेल्या व्हान्स-ओवेन योजनेत बोस्नियाचे दहा प्रांत पाडले होते. आपल्या वाट्याच्या प्रांतात आपलंच चालणार, असा क्रोएट पुढाऱ्यांनी तिचा अर्थ लावला आणि मुसलमान सैनिकांनी आपल्या हुकमाखाली यावं, असं फर्मावलं. कालचे सोबती आज एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. ९ मे ला पहाटे मोस्तारमध्ये लढाई पेटली. शहराच्या मधून जाणारा बुलेवार नावाचा रुंद रस्ता आघाडी झाला. पश्चिमेला क्रोएट संरक्षण परिषद, म्हणजे एचव्हीओ. पूर्वेला, नदीकाठच्या चिंचोळ्या पट्टीत, बोस्नियाचं सैन्य आणि ठिकठिकाणांहून हाकलून आणलेले मुसलमान.

कातारी पश्चिमेलाच राहत होता. तिसऱ्या मजल्यावरचं घर त्याच्या कारखान्याने दिलेलं होतं, दुकानात येण्याआधीच्या नोकरीचं. युगोस्लाव्हियात अशी घरं समाजाच्या मालकीची असत आणि राहणाऱ्याला आयुष्यभर वहिवाटीचा हक्क असे. जूनअखेरपासून मुसलमान पुरुषांची धरपकड सुरू झाली. शहराबाहेरच्या हेलिओड्रोम छावणीत हजारो जण कोंडले गेले. कातारी साठी ओलांडलेला, म्हणून सुटला. तो तोंड उजाडायच्या आत मागच्या गल्लीने दुकानात यायचा आणि काळोख पडल्यावर जायचा.

जुळाऱ्याकडे मात्र एवढं काम कधीच आलं नव्हतं. नवं राज्य म्हणजे नव्या कचेऱ्या: पोलीस, जकात, शाळा, टपाल, वीज. प्रत्येकीला गोल शिक्का, चौकोनी शिक्का, तारखेचा शिक्का. पैसे जर्मन मार्कांत, रोख. हेर्त्सेग-बोस्नाला अजून एकाही देशाने मान्यता दिली नव्हती. बोस्नियाच्या घटना न्यायालयाने तर सप्टेंबर १९९२ मध्येच त्याची स्थापना बेकायदा ठरवली होती. पण कागदावर शिक्का बसला की तो कागद घेऊन उभा असलेला माणूस निकाल वाचायला थांबत नसे.

जुलैत घरांच्या कचेरीतून माणूस आला. सोडून दिलेल्या सदनिकांबद्दल नवा हुकूम निघाला होता, त्यासाठी गोल शिक्का हवा होता, उद्याच्या उद्या.

तो गेल्यावर कातारी लेथ थांबवून म्हणाला, “सोडून दिलेल्या? कोणी सोडल्या?”

“मला काय ठाऊक? असतील कोणीतरी.”

“माझ्या जिन्यावरची चार घरं रिकामी आहेत. एकानेही सोडलेलं नाही. रात्री येऊन काढलंय त्यांना.”

जुळारी म्हणाला, “हे बघ, आपण अक्षरं कोरतो. ती कशावर उमटतात ते त्यांचं ते बघतील. आपण नाही केलं तर दुसरा करेल. आणि तू आत्ता या दुकानात बसतोस, ते या लोकांचं काम मी करतो म्हणूनच ना?”

हे शेवटचं खरं होतं. कातारी काही बोलला नाही. अक्रोडाचा एकच तुकडा उरला होता, तो त्याने लेथवर चढवला. जुळाऱ्याने रात्र जागून ठसा कोरला. घाईत एस या अक्षराची खालची शेपटी तुटली. पुन्हा कोरायला वेळ नव्हता, आणि तेवढं कोण बघतंय? वहीत ठसा उमटला, तारीख पडली, दोन्ही सह्या झाल्या.

तीन आठवड्यांनी कातारी दुकानात आला नाही. चौथ्या दिवशी जुळारी त्याच्या घराकडे गेला. दार एका अनोळखी बाईने उघडलं. बुगोइनोहून आलेली, क्रोएट, कडेवर मूल. तिथे बोस्नियाच्या सैन्याने क्रोएटांना पळवून लावलं होतं. तिच्याकडे एका पिशवीत मावतील एवढेच कपडे होते. तिने घाबरून कागद पुढे केला: सदनिका सोडून दिलेली, तात्पुरता ताबा देण्यात येत आहे. खाली गोल शिक्का, आणि शिक्क्यात शेपटी तुटलेला एस.

जुळाऱ्याने कागद परत दिला. “ठीक आहे,” एवढंच म्हणाला. आणखी काय म्हणणार? ती बाई काही चोर नव्हती. तिचंही घर कुठेतरी ‘सोडून दिलेलं’ होतंच. सारायेव्होच्या सरकारचाही तसाच एक कायदा होता.

कातारी काही रात्रींपूर्वीच बुलेवार ओलांडून पूर्वेला गेला होता, म्हणजे बंदुका मागे लावून नेला गेला होता. पूर्वेला वीज नाही, नळाला पाणी नाही. पाणी नदीवरून आणायचं, तेही नेमबाजांच्या नजरेतून. तिथे त्याने हाताने चालवायचा लेथ जोडला आणि मोडक्या टेबलांच्या पायांपासून कुबड्या करू लागला. कुबड्यांना मागणी फार होती.

२८ ऑगस्ट १९९३ ला हेर्त्सेग-बोस्नाने ‘समाज’ हा शब्द टाकून ‘प्रजासत्ताक’ हा शब्द घेतला. माते बोबान राष्ट्राध्यक्ष झाले, मोस्तार राजधानी ठरली. सगळे शिक्के बदलावे लागले. जुळाऱ्याला हिवाळ्यापर्यंत मान वर करायला फुरसत नव्हती. वहीत आता एकच सही पडत होती आणि मुठी कसल्यातरी मऊ लाकडाच्या होत्या, महिन्या-दोन महिन्यांत सैल होणाऱ्या. ९ नोव्हेंबरला, एचव्हीओच्या रणगाड्याचे गोळे खाऊन, मिमार हैरुद्दीनने १५६६ मध्ये बांधलेला जुना पूल नदीत कोसळला. पुलाचा आवाज दुकानापर्यंत आला. त्या दिवशी जुळारी जकात कचेरीचा शिक्का करत होता.

राज्य टिकलं नाही. अमेरिकेने दोन्ही बाजूंना बसवलं, बोबानना बाजूला करून क्रेशिमिर झुबाक पुढे आले आणि मार्च १९९४ मध्ये वॉशिंग्टनला करार झाला. क्रोएट आणि बोस्नियाक मिळून एक संघराज्य. त्याचे पुढे दहा परगणे. मोस्तारवर युरोपीय संघाने दोन वर्षांसाठी प्रशासक नेमला, ब्रेमेनचे माजी महापौर हान्स कोश्निक. पुढच्या वर्षी युद्ध संपवणारा डेटनचा तह झाला. प्रजासत्ताक म्हणून जन्मल्यापासून तीन वर्षांच्या आत, १९९६ मध्ये, हेर्त्सेग-बोस्ना कागदोपत्रीही गुंडाळलं गेलं.

कागदोपत्री. कोश्निकनी शहराच्या मधोमध दोघांचा मिळून एक सामाईक भाग आखला, तर संतापलेल्या क्रोएट जमावाने फेब्रुवारी १९९६ मध्ये त्यांची गाडीच घेरली. अग्निशामक दलं दोन राहिली, विद्यापीठं दोन, टपाल दोन, वीज कंपन्या दोन. एकाच शाळेच्या इमारतीत दोन अभ्यासक्रम. हेर्त्सेग-बोस्नाने जे जे दोन केलं होतं, त्या प्रत्येक दोनमध्ये कोणाची तरी खुर्ची होती, आणि खुर्चीवरचा माणूस तहात नव्हता.

जुळाऱ्याचा धंदा शांततेत आणखी वाढला. संघराज्याचे शिक्के, परगण्याचे शिक्के, मोस्तारच्या सहा नगरपालिकांचे शिक्के. सगळं दोन असल्यावर शिक्केही दुप्पट. दुकानाला नवी काच लागली.

१९९९ च्या हिवाळ्याआधी एका दुपारी दार उघडलं आणि कातारी आत आला. वाकला होता, पण हात तेच होते. त्याने फडताळाकडे एक नजर टाकली, मग खिशातून फडक्यात गुंडाळलेली अक्रोडाची मूठ काढून काउंटरवर ठेवली.

“पूर्वेला लहानसं दुकान घातलंय. पावतीवर मारायला शिक्का हवा. मूठ मी आणली आहे.”

जुळाऱ्याने तांब्याच्या जेझवेत कॉफी चढवली. सहा वर्षांत काय काय झालं ते दोघांनी एकमेकांना विचारलं नाही; कोण मेलं, तेवढं विचारलं. कॉफी निवत आल्यावर कातारी म्हणाला, “घरासाठी अर्ज केलाय.”

डेटनच्या तहाच्या सातव्या परिशिष्टात लिहिलं होतं की निर्वासितांना आपापल्या घरी परतता येईल. त्यासाठी आयोग नेमला होता, आणि आयोगाचा हिशेब सरळ होता: १ एप्रिल १९९२ ला घर कोणाचं होतं? ज्याचं होतं, त्याला परत. बुगोइनोची ती बाई केव्हाच आपल्या गावी परतली होती. आता घरात परगण्याचा एक अधिकारी राहत होता आणि त्याने आयोगापुढे वेगळाच कागद ठेवला होता. काताऱ्याने त्याची नक्कल पुढे सरकवली.

तारीख फेब्रुवारी १९९२. मजकूर: सदर इसमाने राजीखुशीने घराचा हक्क सोडला असून ते पुढील इसमास देण्यात येत आहे. खाली गोल शिक्का, हेर्त्सेग-बोस्नाचा क्रोएट समाज, घरांची कचेरी.

जुळाऱ्याने नकळत चष्मा वर केला. शेपटी तुटलेला एस.

“हा शिक्का फेब्रुवारी ९२ मध्ये नव्हता,” कातारी शांतपणे म्हणाला. “तो आपण जुलै ९३ मध्ये केला. आणखी महिनाभर थांबले असते तर शिक्क्यात ‘प्रजासत्ताक’ आलं असतं आणि कोणालाही कळलं असतं. पण हा ‘समाज’च म्हणतो, म्हणून खपतोय. मला कळतं, पण घर मागणारा मीच, माझं कोण ऐकणार? वही आहे का रे अजून?”

दुकानाबाहेर परगण्याची गाडी उभी होती. आतमध्ये त्याच परगण्याचे चार शिक्के वाळत होते.

“जळली,” जुळारी म्हणाला. “९३ मध्येच. बरंच काही जळलं.”

काताऱ्याने मान हलवली. शिक्क्याचे पैसे आगाऊ दिले, मूठ तिथेच ठेवली आणि गेला.

वही खालच्या खणात होती. रात्री शटर ओढून जुळाऱ्याने ती काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. फाडावं, असं मनात आलं. फाडलं तर त्या आधीच्या आणि नंतरच्या पानांवरचे काताऱ्याचे आकडे तोंड उघडतील. सगळी वहीच शेगडीत टाकली तर? मग तो खोटं बोलला, हेही राहणार नाही. बोलला ते खरंच होईल.

शेगडीचं झाकण काढून तो बसला आणि शेवटचं म्हणून पानं चाळू लागला. कातारी जाईपर्यंतच्या प्रत्येक पानावर दोन सह्या. धुराड्यांखाली दोन, लिलींखाली दोन, चौकटींखाली दोन. घरांच्या कचेरीच्या शिक्क्याखालीही दोन: त्याची आणि त्याच्या शेजारी काताऱ्याची, ठळक, नेहमीसारखी.

तिथे तो थांबला. सहा वर्षं त्याने या पानावर फक्त आपलीच सही आहे असं धरलं होतं. ती लपवायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण ज्या शिक्क्याने काताऱ्याचं घर गेलं त्याची मूठ काताऱ्यानेच बसवली होती, आणि वही उघडली की हेही सगळ्यांसमोर येणार होतं. पूर्वेकडचे लोक म्हणणार होते, हाच तो, ज्याने त्यांच्यासाठी शिक्का केला. हे काताऱ्याला ठाऊक नव्हतं थोडंच? ठाऊक असूनच तो वही मागायला आला होता. वहीत त्याचं घर होतं आणि त्याची लाजही होती. ती दाखवायला तो तयार होता, आणि जुळारी आपली लाज झाकायला दोघांची वही जाळायला बसला होता.

दुसऱ्या दिवशी जुळाऱ्याने दुकान बंद ठेवलं आणि वही काखेत मारून बुलेवार ओलांडला. रस्ता चालायला पाच मिनिटांचा. दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या भिंती गोळ्यांनी चाळणी झालेल्या, खिडक्यांतून झाडं उगवलेली. १९९३ नंतर तो पहिल्यांदाच पलीकडे जात होता.

कातारी लेथवर होता. जुळाऱ्याने वही समोर ठेवली आणि म्हणाला, “जळली नव्हती. खोटं बोललो.”

“माहीत आहे,” कातारी म्हणाला. “तू जाळणाऱ्यातला नाहीस. घाबरणाऱ्यातला आहेस.”

“येतो मी तुझ्याबरोबर.”

“ये. पण तिथे ‘आम्ही फक्त अक्षरं कोरतो’ असं म्हणू नकोस. ते ऐकायला मी आता म्हातारा झालोय.”

आयोगासमोर जुळाऱ्याने ते वाक्य म्हटलं नाही. शिक्का कोणी मागवला, कधी, किती घाईत, एस का तुटला, सगळं सांगितलं. मूठ कोणाची, असा प्रश्न आला तेव्हा कातारी स्वतः उठून म्हणाला, “माझी.” वहीतला ठसा आणि कागदावरचा ठसा शेजारी-शेजारी ठेवून भिंगाखाली पाहण्यात आले. तुटकी शेपटी दोन्हीकडे एकाच जागी तुटली होती. कागद बनावट ठरला.

निकाल हातात आला तरी घर लगेच मिळालं नाही. असे निकाल अडवून धरणाऱ्या कचेऱ्या साऱ्या बोस्नियात होत्या, तिन्ही बाजूंच्या. नोव्हेंबर १९९९ मध्ये तहाच्या अंमलबजावणीवर नेमलेले उच्च प्रतिनिधी वोल्फगांग पेट्रिच यांनी अशा आडमुठ्यांसह २२ लोकप्रतिनिधी आणि अधिकाऱ्यांना एका दिवसात पदावरून काढलं, तेव्हा कुठे फायली हलू लागल्या. पुढच्या चार-पाच वर्षांत देशभर सुमारे दोन लाख घरं मूळ माणसांकडे परत गेली. त्यांत एक काताऱ्याचं. किल्ली मिळाली तेव्हा आत नळ नव्हते, विजेच्या तारा भिंतीतून उपटून नेलेल्या, दारांच्या चौकटीसुद्धा काढलेल्या. चौकटी त्याने स्वतः केल्या.

जुळाऱ्याची निम्मी गिऱ्हाइकं गेली. परगण्याने काम दुसरीकडे दिलं. एक-दोघांनी रस्त्यात तोंड फिरवलं. त्याने एकदा हे काताऱ्याजवळ बोलून दाखवलं. कातारी म्हणाला, “तुझी गिऱ्हाइकं गेली, खरं. पण मोठेपणा मिरवू नकोस. तू केलंस ते सहा वर्षं उशिरा केलंस.” मग थोडं थांबून म्हणाला, “आणि मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. त्या फडताळावर मुठी कोणी मांडल्या?”

जुळाऱ्याला वाटत होतं, ती गोष्ट कातारी विसरला असेल. दोघांनी मिळून आठवून-आठवून यादी केली: किती बाटल्या, किती गाद्या, त्या वेळचा भाव काय. शाईवाला त्रेबिन्येला असल्याचं कळलं होतं. त्यांनी हिशेब आणि पैसे पाठवले, सोबत वहीतल्या एका कोऱ्या पानावर दोन सह्यांची चिठ्ठी: तू लक्ष ठेवायला सांगितलंस, आम्ही ठेवलं नाही. शाईवाला परत आला नाही. पैसे मात्र त्याने ठेवून घेतले आणि उत्तरात एवढंच कळवलं की बाटल्या तीन कमी मोजल्या आहेत. दोघांनी त्या तिन्हींचे पैसेही पाठवले.

२३ जुलै २००४ ला जुना पूल पुन्हा खुला झाला. नव्याने बांधलेला, पण त्याच जातीच्या दगडाचा, देशोदेशीच्या पाहुण्यांच्या गर्दीत. त्याच वर्षी सहा नगरपालिका मोडून मोस्तार पुन्हा एक शहर करण्यात आलं, तेही वरून आलेल्या हुकमाने. पुढे हेगच्या न्यायालयात हेर्त्सेग-बोस्नाच्या सहा बड्यांवर खटला चालला. २०१७ मध्ये अपिलातही शिक्षा कायम झाल्या, सरकारप्रमुख याद्रान्को पर्लिच यांना २५ वर्षं. निकाल ऐकताच त्यांतल्या एका जनरलने, स्लोबोदान प्राल्याकने, भर न्यायालयात विष घेतलं. राज्य गेलं, त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. पण वीज कंपनीच्या नावात ‘हेर्त्सेग-बोस्ना’ तसंच होतं आणि दर महिन्याला बिलावर छापून पश्चिमेच्या घराघरांत पोचत होतं.

हेगला हुकूम देणारे उभे केले गेले, आणि ते योग्यच झालं. पण जे राज्य जगातल्या कोणीही मानलं नव्हतं, ते चाललं कशावर? ठसा कोरणाऱ्यावर, मूठ बसवणाऱ्यावर, यादी करणाऱ्यावर, दार ठोठावणाऱ्यावर. यांतल्या प्रत्येकाचं काम ‘एवढंच’ होतं, आणि सगळे एवढंच मिळून एका माणसाचं घर गेलं. यांना कोणतंही न्यायालय बोलावत नाही. तह बंदुका थांबवू शकतो, कायदा घर परत देऊ शकतो, पण खोटा कागद खोटा आहे हे तहाला कळत नाही. ते ज्याला ठाऊक आहे त्याने आपल्या पायांनी जाऊन सांगावं लागतं, आणि सांगताना आपली सहीही दाखवावी लागते.

वाईट कामातला आपला वाटा लहान होता, हे खरंही असेल. पण तो सांगायची वेळ येते तेव्हा पुरता सांगावा. त्यातल्या तीन बाटल्या सुद्धा कमी करू नयेत.